नणंदेचं बाळ माझ्या पोटात: सरोगसीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२४ साली मी माझ्या नणंदेच्या मुलाला जन्म दिला. त्याआधीच्या बाळंतपणात तिला इतका रक्तस्राव झाला होता की जीव वाचवायला डॉक्टरांना पिशवी काढावी लागली. बाळही गेलं. तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. बीजकोश मात्र शाबूत होते, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

तेव्हापासून मला तेच तेच प्रश्न येतात. फोनवर येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, एकदा तर सांगली-पुणे एसटीत शेजारच्या बाईंनी स्वारगेट येईपर्यंत सोडलं नाही. उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. मी वकील नाही, डॉक्टर नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते आमच्या फाइलच्या निमित्तानं स्वतः वाचलेलं आहे.

१. सरोगसी म्हणजे नक्की काय? त्या बाळात तुमचं काय असतं?

स्त्रीबीज नणंदेचं, शुक्रजंतू तिच्या नवऱ्याचे. प्रयोगशाळेत त्यांचा भ्रूण तयार झाला आणि तो माझ्या गर्भाशयात ठेवला. बाळाची गुणसूत्रं त्या दोघांची, माझी नाहीत. हेच तंत्र १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांनी वापरलं आणि हर्षा चावडाचा जन्म झाला. फरक इतकाच की तिथे भ्रूण परत आईच्याच पोटात गेला आणि आमच्याकडे वहिनीच्या.

सरोगेट बाईनं स्वतःचं बीज द्यायचं नाही, असं भारतीय कायदा स्पष्ट सांगतो. बीज दान करणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला वेगळा कायदा आहे. लोक दोन्हींची गल्लत करतात.

२. पण नऊ महिने तुमचं रक्त पितं ना ते? मग दिसायला तुमच्यासारखं?

पीत नाही. वारेतून अन्न आणि प्राणवायू पोचतो, दोघांचं रक्त आपापल्या नळ्यांतून वेगळं वाहतं. थोड्या पेशी मात्र इकडच्या तिकडे जातात आणि बाईच्या शरीरात वर्षानुवर्षं राहू शकतात. म्हणजे त्याचं थोडं माझ्यात राहिलंय, माझ्या लेकीचं राहिलंय तसंच.

चेहरा अगदी नणंदेच्या सासऱ्यांवर गेलाय, कानांसकट.

यातली खरी कामाची गोष्ट रक्तगटाची आहे. माझा गट निगेटिव्ह. अशा बाईनं बाळाच्या *जन्मदात्या* आईबापाचा, दोघांचाही गट बघायचा, स्वतःच्या नवऱ्याचा नाही. नणंदेचे यजमान पॉझिटिव्ह, म्हणून मला अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डीचं (बाळाच्या रक्ताविरुद्ध माझ्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणूनचं) इंजेक्शन दिलं आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा दिलं. आमच्या गावच्या दवाखान्यात नेहमीच्या सवयीनं माझ्याच नवऱ्याचा गट लिहिला होता. तो मी खोडायला लावला.

३. कोण करू शकतं? मी छत्तीस वर्षांची आहे, चालेल?

नाही. २०२१ चा सरोगसी नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार भ्रूण ठेवण्याच्या दिवशी बाईचं वय २५ ते ३५ च्या मधे हवं. लग्न झालेलं हवं (विधवा, घटस्फोटित चालते), स्वतःचं मूल हवं, आणि शरीर-मन तंदुरुस्त असल्याचं प्रमाणपत्र हवं. आयुष्यात एकदाच.

यामुळे दोन मंडळी आपोआप बाद होतात, आणि नेमकी तीच सगळ्यात आधी पुढे येतात: अविवाहित धाकटी बहीण आणि आई. २००४ साली गुजरातेतल्या आणंदला एका आजीनं स्वतःच्या लेकीची जुळी बाळं वाढवली होती, जगभर बातमी झाली. आज पस्तिशीच्या अटीमुळे ते होणार नाही.

जवळची नातेवाईकच हवी अशी अट आधीच्या मसुद्यात होती, अंतिम कायद्यात ती राहिली नाही. ‘इच्छुक स्त्री’ असा शब्द आहे. पण पैसे द्यायचे नाहीत म्हटल्यावर परकी बाई कुठून येणार? शेवटी घरातलीच सापडते. त्यातून काय होतं ते प्रश्न ८ मध्ये.

कायद्यात बसलात तरी डॉक्टर नाही म्हणू शकतात. दोन सिझेरियन झालेली असतील, आधीच्या खेपेला बीपी वाढलं असेल, तर बहुतेक नाहीच म्हणतील. माझं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं, म्हणून तीन महिने थांबवलं होतं.

४. आणि मूल कुणाला मागता येतं?

भारतीय विवाहित जोडप्याला. बाई २३ ते ५०, पुरुष २६ ते ५५. आधीचं हयात मूल नको, दत्तकही नको. मुलाला गंभीर व्यंग किंवा जिवावरचा आजार असेल तर अपवाद आहे. विधवा किंवा घटस्फोटित बाईला ३५ ते ४५ या वयात मागता येतं, पण बीज तिचं स्वतःचं हवं. एकटा पुरुष, लग्नाशिवाय एकत्र राहणारे, समलिंगी जोडपी यांना दार बंद आहे. हे मला पटत नाही, पण आज स्थिती अशी आहे.

कारणही वैद्यकीय हवं: पिशवी नसणं, वारंवार गर्भपात, टेस्ट ट्यूबचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार. ‘करिअरमुळे वेळ नाही’ हे कारण नाही.

कायदा येण्याआधीच ज्यांनी भ्रूण गोठवून ठेवले होते त्या जोडप्यांना वयाची अट लावू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. पन्नाशी उलटली म्हणून कुणी तुम्हाला परत पाठवलं असेल तर आपल्या फाइलवरची तारीख बघा.

५. जोडप्यातल्या एकाचंच बीज चालत असेल तर?

चालतं. २०२३ मध्ये दात्याचं बीज वापरायला बंदी आली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला. आता जिल्हा वैद्यकीय मंडळानं तशी गरज प्रमाणित केली तर एक बीज दात्याचं चालतं, दुसरं मात्र जोडप्यापैकीच कुणाचं तरी हवं.

६. किती पैसे मिळाले? खरं सांगा.

शून्य. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि या उत्तरावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पूर्वी मिळायचे. २००२ पासून भारतात पैसे घेऊन सरोगसी चालायची आणि आणंद तर त्यासाठी जगाला माहीत झालं. परदेशी जोडपी यायची. २००८ मध्ये मांजी यामादा नावाच्या बाळाचं प्रकरण झालं. बाळ जन्मायच्या आधीच जपानी आईबापांनी घटस्फोट घेतला आणि तान्ही पोर कायद्याच्या कचाट्यात सापडली. २०१५ च्या अखेरीस परदेशी लोकांना बंदी झाली आणि २०२१ च्या कायद्यानं पैशाची सरोगसीच बंद केली. आता दवाखान्याचा खर्च, विमा आणि नियमात बसणारा इतर खर्च एवढंच जोडपं करू शकतं. पैशाचा व्यवहार चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पैसे देऊन सरोगेट शोधणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या खेपेला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जाहिरात करणंसुद्धा गुन्हा आहे, तेव्हा कुणी ‘बाई मिळवून देतो’ म्हणाला तर फोन ठेवा.

माझं मत विचाराल तर, नऊ महिने राबणाऱ्या बाईलाच फक्त काही मिळायचं नाही आणि बाकी डॉक्टर, वकील, विमावाले सगळ्यांना मिळायचं, हा न्याय मला कळलेला नाही.

७. नणंदेनं पाटल्या केल्या तर घ्याव्यात का?

घेऊ नका. ‘कोणत्याही स्वरूपाचं आर्थिक प्रलोभन’ अशी कायद्याची भाषा आहे. ओटीची साडी कुणी मोजायला येत नाही, पण सोनं, गुंठाभर जमीन, नवऱ्याचं कर्ज फेडणं, मुलीची शाळेची फी यापासून लांब राहा. आणि घरात उद्या वाजलं तर त्याच पाटल्या तोंडावर येतात, हे कायद्यापेक्षा मोठं कारण.

८. सासूबाई म्हणतात, “तूच कर, घरातलंच तर काम आहे.” मला नको आहे. काय करू?

नको असेल तर नको. याचं उत्तर एका ओळीत संपायला हवं, पण आपल्या घरांत संपत नाही.

माझ्या बाबतीत कुणी थेट म्हणालं नाही. सासूबाई फक्त देवापुढे बसल्या की मोठ्यानं म्हणायच्या, “आता कुणाच्या कुशीचा आधार आहे बाई माझ्या लेकीला.” स्वयंपाकघर देवघराला लागूनच. चार महिने मी हे ऐकलं. शेवटी मी नणंदेला एकटीला गाठून विचारलं, “तुम्हाला माझ्याकडून हवंय का?” त्या रडल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही नाही म्हणालात तरी मी राखीला येणार आहे.” त्या वाक्यानं मी हो म्हणाले. ते वाक्य मिळालं नसतं तर म्हणाले नसते.

पैसे नाहीत म्हणून हे निरपेक्ष, असं कायदा धरतो. पण घरात पैशापेक्षा जड चलन असतं. ‘आम्ही तुझ्या माहेरच्यांना तेव्हा मदत केली’, ‘तुला तर एकाच मुलीवर थांबायचं होतं ना’, असलं. कायद्याला याचा अंदाज आहे. खटला उभा राहिलाच तर बाईवर नवऱ्यानं, जोडप्यानं किंवा नातेवाइकांनी जबरदस्ती केली, असंच न्यायालय आधी गृहीत धरतं. तसं नव्हतं, हे त्यांनी सिद्ध करायचं.

भ्रूण पोटात ठेवण्याच्या क्षणापर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता. सह्या झाल्या, कोर्ट झालं, लाखभर रुपयांच्या गोळ्या झाल्या, तरीही. घरात तोंड उघडत नसेल तर समुपदेशकाला एकटीनं भेटायची मागणी करा आणि तिथं सांगा. “शरीर साथ देत नाही” एवढंच घरी पोचवणारे भले डॉक्टर असतात.

९. कागदपत्रं किती? किती वेळ लागतो?

आम्हाला सात महिने लागले. त्यात माझ्या हिमोग्लोबिनचे तीनही आले.

नणंदेला गर्भ धरता येणार नाही, याचं प्रमाणपत्र जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्याकडून. माझी शारीरिक आणि मानसिक तपासणी. विमा (प्रश्न १०). प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश, की जन्मणारं मूल या जोडप्याचं. तो अर्ज त्यांनी आणि मी मिळून करायचा असतो. मग समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्यासाठी सरकारनं नेमलेल्या यंत्रणेकडून, दोन्ही बाजूंची पात्रता प्रमाणपत्रं.

कोर्टात मॅडमनी सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, “कुणी भाग पाडलंय?” मी नाही म्हणाले. “बाळ देताना रडू येईल, ते माहीत आहे?” या प्रश्नाची तयारी वकिलांनी करून घेतली नव्हती.

संमतीपत्र आधी इंग्रजीत आणून ठेवलं होतं, खुणा केलेल्या जागी सही करा म्हणून. तुम्हाला समजणाऱ्या भाषेत ते मिळणं हा कायदेशीर हक्क आहे. मी मराठी मागितलं तर काउंटरवरच्या मुलीनं कपाळाला आठ्या घातल्या, पण आठवड्यानं मिळालं. चौदा पानं निघाली. सही करायच्या आधी मी ती दोनदा वाचली.

१०. विमा कशाचा? कुणाच्या नावावर?

तुमच्या नावावर, ३६ महिन्यांचा, हप्ता जोडप्यानं भरायचा. गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची गुंतागुंत त्यात यायला हवी. पॉलिसी हातात घेऊन ‘सरोगसी’ हा शब्द शोधा. आम्हाला पहिल्या एजंटानं साधी आरोग्य पॉलिसी चिकटवली होती, तिच्यात बाळंतपणच वगळलेलं. सगळ्या कागदांत हाच कागद मिळवणं सर्वांत कटकटीचं. तो येईपर्यंत एकही गोळी सुरू करू नका.

११. प्रत्यक्षात काय करतात? दुखतं का?

आधी गोळ्या देऊन गर्भाशयाचं अस्तर जाड करतात, दर थोड्या दिवसांनी सोनोग्राफी. साधारण सात-आठ मिलिमीटर आणि चांगल्या पोताचं झालं की भ्रूण ठेवतात. तो दिवस अगदीच साधा: भरलेलं मूत्राशय, पातळ नळी, दहा मिनिटं. भूल नाही. पडद्यावर पांढरा ठिपका दिसला. नणंद माझं मनगट धरून उभी होती, बांगडी वाकेपर्यंत.

त्रास इंजेक्शनांचा. गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तेलातलं असतं, दाट, कुल्ल्यात खोल द्यावं लागतं. रोज रात्री आठला आमच्या आळीतली नर्स यायची. आधी कुपी मुठीत धरून ऊब द्यायची म्हणजे तेल जरा पातळ होतं. तरी पंधरा दिवसांत दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं, चालत राहायचं, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. दहाव्या-अकराव्या आठवड्यात वार स्वतः काम करू लागली तेव्हा थांबलं. काही ठिकाणी आतून ठेवायच्या गोळ्यांवर भागतं, तेही विचारून घ्या.

१२. पहिल्या वेळी राहिलं नाही तर? ‘एकदाच’ म्हणजे संपलं?

नाही. प्रयत्न तीन वेळा करता येतात. माझा पहिला फसला. बाराव्या दिवशी रक्त तपासलं, आकडा जवळपास शून्य. त्या रात्री आमच्या घरात माझी चौकशी कुणी केली नाही, सगळे फोनवर नणंदेला धीर देत होते. इंजेक्शनं मला, गाठी मला आणि सांत्वन तिला. राग आला होता, आजही लिहिताना आला. दुसऱ्या खेपेला राहिलं.

साधारणपणे एकच भ्रूण ठेवायचा असा नियम आहे, विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत. ‘जुळी झाली तर एकदमच काम होईल’ असं कुणी सुचवलं तर पोट कुणाचं आहे ते विचारा.

१३. विचारायला लाज वाटते, पण नवऱ्याबरोबर…? चुकून आपलंच राहिलं तर?

लाजू नका, डॉक्टर स्वतःहून सांगतात. औषधं सुरू झाल्यापासून सांगेपर्यंत संबंध टाळायचे, नेमकं याच कारणासाठी. नवऱ्याला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.

१४. साध्या बाळंतपणापेक्षा धोका जास्त असतो का?

हो, आणि हे तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात २०१२ ते २०२१ मधली साडेआठ लाखांवर बाळंतपणं तपासली गेली. आईला गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत २.३ टक्के, स्वतःसाठी टेस्ट ट्यूब केलेल्यांत ४.३ आणि सरोगेट बायकांत ७.८ टक्के निघालं. जास्त करून अतिरक्तस्राव, तीव्र रक्तदाब, जंतुसंसर्ग. तेही तिथल्या दवाखान्यांत. आकडा पाहून मी मागे हटले नसते, पण बाळंतपण तालुक्याच्या गावी न करता रक्तपेढी जवळ असलेल्या ठिकाणी करायचं, हा हट्ट मी या आकड्यावरच धरला.

१५. सोनोग्राफीत व्यंग निघालं आणि जोडपं म्हणालं पाडा, तर?

गर्भपाताची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही, ना जोडपं, ना दवाखाना. तुमची लेखी संमती लागते आणि समुचित प्राधिकाऱ्याची परवानगीही. बाकी नियम सगळ्यांना लागू असलेल्या गर्भपात कायद्याचेच, २४ आठवड्यांनंतर गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. तुमच्या स्वतःच्या जिवाला धोका असेल तर ती गोष्ट वेगळी आणि तातडीची.

हे बोलणं औषधं सुरू होण्याआधी करा. आम्ही चौघं एका रविवारी बसलो आणि ‘असं निघालं तर’, ‘तसं निघालं तर’ करत वहीत लिहून काढलं. कुणाच्याही घशाखाली चहा उतरला नाही. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीला जाताना मात्र ती वही पर्समध्ये होती.

मुलगा की मुलगी, हे इथंही विचारता येत नाही. एकानं विचारलं होतं, “सरोगसीत तर सांगत असतील ना?”

१६. तुमच्या मुलीला काय सांगितलंत?

ती सात वर्षांची होती. सांगितलं, आत्याची बाळाची पिशवी डॉक्टरांना काढावी लागली, म्हणून बाळ माझ्या पिशवीत वाढणार आणि मग आत्याकडे जाणार. तिनं विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे आत्याचं बाळ आपल्याकडे पेइंग गेस्ट आहे.” दुसऱ्या दिवशी वर्गभर झालं. तिला एकच भीती होती, ती रात्री अंधारात बाहेर आली: मलापण कुणाला देणार का? या प्रश्नाचं उत्तर मुलानं विचारायच्या आधीच द्या.

१७. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावं का?

आम्ही आधी सांगितलं नाही आणि चूक केली. पोट दिसू लागल्यावर बायका “यंदा मुलगा होऊ दे” म्हणायच्या, मी हसायची. बाळंतपणानंतर रिकाम्या हातानं घरी आले तर तिसऱ्या दिवशी समोरच्या काकू पांढरी साडी नेसून समाचाराला आल्या. माझ्या गळ्यात पडून रडल्या. मी त्यांना कसं सांगू की बाळ कोल्हापुरात मजेत आहे?

मग सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी वाढला आणि बळराम जन्मला, ही गोष्ट त्यांनी आळीभर सांगितली. मी कायद्याची कलमं सांगून जे झालं नसतं ते संकर्षणानं एका दुपारीत केलं. सातव्या महिन्याच्या आत सांगून टाका, कसं सांगायचं ते तुमचं.

१८. डोहाळजेवण कुणाचं?

आमच्याकडे दोघींचं, पाटाला पाट लावून. हिरवी साडी मला, फुलांची वाडी तिला. ज्येष्ठ बायकांत कुजबुज झाली, जेवायला मात्र सगळ्या थांबल्या. एका वाचक ताईंकडे हा कार्यक्रम फक्त होणाऱ्या आईचा झाला आणि पोट असलेली बाई वाढपी म्हणून फिरत होती. तसं करू नका.

१९. दवाखान्यात बाळ कुणाच्या नावावर लागतं?

न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश (प्रश्न ९) हाच जन्माचा पुरावा. दाखल्यावर आईबाप म्हणून जोडप्याचीच नावं येतात. व्यवहारात मात्र प्रसूतिगृहाचा फॉर्म बाळंतिणीचं नाव ‘आई’ म्हणून उचलतो. आमच्या बाळाच्या मनगटावर माझ्या नावाची पट्टी बांधली गेली आणि तेच नाव नोंदणीला निघालं होतं. दिवस भरत आले की आदेशाची प्रत डॉक्टर, वॉर्ड आणि नोंदणी कारकून यांना हातात द्या, पोच घ्या. नोंदणी २१ दिवसांत व्हावी लागते.

२०. दूध?

येतं. शरीराला कोर्टाचा आदेश कळत नाही. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झाली.

सुरुवातीलाच ठरवा: दूध द्यायचं की बंद करायचं. बंद करायला गोळी असते, ती लवकर घ्यावी लागते. आम्ही पंधरा दिवस काढून द्यायचं ठरवलं होतं. माझा नवरा रोज पहाटे थर्मासच्या डब्यात बर्फ घालून सांगलीहून कोल्हापूरला न्यायचा, तिथं नणंद वाटी-चमच्यानं पाजायची. मग हळूहळू कमी केलं. एकदम थांबवलं तर गाठी होऊन ताप येतो. दूध जास्त असेल आणि बाळाला नको असेल तर मोठ्या रुग्णालयांत दुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली.

आणि सव्वा महिना तुमचाही आहे. बाळ नाही म्हणून बाळंतीण नाही, असं नसतं. शेक, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं वसूल करा. मला पाचव्या दिवशी “आता मोकळीच आहेस तर” म्हणून पाहुण्यांचा चहा टाकायला सांगितलं होतं. नवऱ्यानं टाकला.

२१. द्यायला जीव कसा झाला?

नर्सनं पुसून-गुंडाळून विचारलं, “कुणाकडे देऊ?” आणि खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नणंदेकडे बोट केलं. तिनं घेतलं, आणि ते रडायचं थांबलं नाही. मला वाटलं होतं आईच्या हातात गेल्यावर थांबेल, तसं काही झालं नाही. चार-पाच मिनिटं ते रडत होतं, ती रडत होती, मला टाके घालत होते.

मला ते हवं होतं का? नाही. मी त्याला नऊ महिने ‘तुमचं’ म्हणूनच हाक मारत होते. पण दहा-बारा दिवस रात्री दोन-अडीचला जाग यायची, हात पोटावर जायचा आणि आत कुणी नसायचं. ते दुःख बाळाचं नव्हतं, सवयीचं होतं, असं समुपदेशक म्हणाल्या. मला अजून दोन्हींतला फरक नीट करता येत नाही. दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, रडू थांबत नसेल, तर डॉक्टरकडे जा. हे उपचार ३६ महिन्यांच्या विम्यात बसतात का, ते पॉलिसी घेतानाच बघून ठेवा.

२२. जोडप्यानं बाळ घेतलंच नाही तर? किंवा मधेच त्यांचं फाटलं तर?

मूल टाकता येत नाही. व्यंग असो, मुलगी असो, घटस्फोट होवो, कायद्यानं ते त्यांचंच अपत्य आहे, वारसाहक्कासकट. तसंच उलट: तुम्हालाही ते ठेवून घेता येत नाही. दोघांना काही झालं तर पालक कोण, हे मात्र करारात नावानिशी लिहून घ्या. नणंदेच्या सासरकडून ‘अभद्र कशाला बोलायचं’ म्हणून विरोध झाला. मी ती ओळ लिहिल्याशिवाय सही केली नाही.

२३. नोकरी करते. रजा मिळते का?

केंद्र सरकारी कर्मचारी असाल तर जून २०२४ च्या नियमानुसार दोनपेक्षा कमी हयात मुलं असलेल्या सरोगेटला आणि मूल घेणाऱ्या आईला १८० दिवसांपर्यंत, आणि वडिलांना १५ दिवस. खासगी नोकरीत मूल घेणाऱ्या आईला बाळ हातात आल्यापासून १२ आठवडे, ही तरतूद २०१७ पासून आहे. बाळंतीण म्हणून तुमची रजा वेगळी. एचआरला लेखी अर्ज करा, तोंडी विचारलं की तोंडीच नकार येतो.

२४. दीर-जाऊ अमेरिकेत असतात. त्यांच्यासाठी करता येईल?

भारतीय वंशाच्या जोडप्याला राष्ट्रीय सरोगसी मंडळाचं शिफारसपत्र घेऊन करता येतं, बाकी अटी प्रश्न ३ आणि ४ प्रमाणेच. भारतीय वंशाचे नसलेल्या परदेशी लोकांना नाही. बाळाचा पासपोर्ट आणि तिकडचा व्हिसा हा वेगळा डोंगर आहे, तो चढायची तयारी आधी त्यांनी दाखवावी.

२५. त्याला मोठेपणी सांगणार?

आत्ताच सांगतोय. डोहाळजेवणाचा फोटो त्यांच्या हॉलमध्ये आहे, दोघींचा. तो त्यातल्या माझ्या पोटावर बोट ठेवून स्वतःचं नाव घेतो आणि मग मला ‘मामी’ म्हणतो. त्याच्या लेखी त्यात काही विशेष नाही.

२६. पुन्हा कराल?

कायद्यानं एकदाच. मध्यंतरी नवऱ्याच्या चुलतबहिणीसाठी चाचपणी झाली, दिवाळीत, सगळे जेवायला बसलेले असताना. “हिला तर आता अनुभव आहे,” असं कुणीतरी म्हणालं. मी कलम सांगितलं आणि पुढची पुरी तेलात सोडली.